रायपूरचा पोरगा

हापशीवर बादली भरता भरता संध्या सहज बोलून गेली आणि धनवंताच्या हातातला दांडा वरच राहिला.

"मामी, लय पक्की निघालीस वो तू. गुलशन फौजेत हाय ना? पंचायतीच्या बोर्डावर नाव लागलंय त्याचं. अकरा तारखेला येऊन राहिला म्हणे. बँड लावणार हायत."

"कोनाचा गुलशन? माहा पोरगा रायपूरले हाय. सळईच्या कारखान्यात."

"वाचता येते मले," संध्या हसली. ती अंगणवाडीत मदतनीस होती. "गुलशन उईके, बोरीटोला. आपल्या गावात दुसरा कोन हाय?"

आज दहा तारीख होती.

धनवंता बादली तिथेच टाकून घरी आली. दार लावून घेतलं. मग दार लावल्यावर लोकांना जास्त संशय येईल म्हणून परत उघडलं.

सहा वर्षं तिने हे रायपूर सांभाळलं होतं. गुलशन सुट्टीवर यायचा तेव्हा वर्दी आणि पेटी गोंदियाला मित्राच्या खोलीवर ठेवायचा. जुनी पँट, कापडी थैली, जेवणाचा डबा. गोंदिया स्टेशनवर पेढे घ्यायचा आणि गावात रायपूरचे म्हणून वाटायचा. केस बारीक का, तर टायफाईड झाला होता. दर वर्षी टायफाईड. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, एवढा आजारी पडते तं तो कारखाना सोडून दे ना बाप्पा.

एवढं नाटक कशासाठी, असं विचारणारे लोक जंगलाबाहेर, चिचगडच्या अलीकडे राहतात. बोरीटोल्यात विचारायची गरज नव्हती.

धनवंताच्या भावाचा पोरगा हेमेंद्र पोलिसात लागला तेव्हा भावाने गावजेवण दिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात हेमेंद्र बहिणीच्या लग्नाला आला. कधी येणार, किती दिवस राहणार, सगळ्या गावाला ठाऊक होतं. हळदीच्या दिवशी दुपारी जंगलातून चार जण आले. तोंडं बांधलेली. त्यांनी पाणी मागितलं. पाणी धनवंतानेच दिलं. ते पाणी प्यायले, गडवा नीट खाली ठेवला आणि हेमेंद्रला "जरा चल, बोलायचं हाय" म्हणून घेऊन गेले. दोन दिवसांनी तो नाल्यात सापडला. अंगावरची हळद तशीच होती.

त्याला सतरा वर्षं झाली. आता जंगल मोकळं झालं असं टीव्हीवर सांगतात. झालंही असेल. पण पाणी मागणाऱ्या त्या चौघांपैकी एकही पकडला गेल्याचं धनवंताच्या कानावर आलं नव्हतं. ते कुठे तरी जेवत असतील, झोपत असतील, कोणाच्या तरी पंचायतीचा बोर्ड वाचत असतील.

भर दुपारी, गाव तेंदूपत्ता बांधून थकून पडलेलं असताना, ती पंचायतीकडे गेली. रस्त्यावर एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं. बोर्डावर चार कागद होते. चारही पांढरे, चारही काळ्या अक्षरांचे.

ती उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पोराचं नाव कसं दिसतं ते तिला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ते नाव कोणाच्या तोंडी फौजेशी जोडून येऊ नये म्हणून ती धडपडली, आणि आता ते समोर असूनही तिला दिसत नव्हतं. कोणाला विचारावं, यातलं गुलशनचं कोणतं? विचारणं म्हणजेच सांगणं.

तिने चारही कागद फाडले, पदराखाली घेतले आणि चिचगडला जाणाऱ्या ऑटोत बसली. ऑटोत तिच्यासमोर दोन माणसं होती. दोघांची तोंडं दुपट्ट्याने बांधलेली. मे महिन्यात सगळेच तसे फिरतात, उन्हाने कातडी सोलून निघते. हे धनवंताला कळत होतं. तरी सहा किलोमीटर तिने श्वास जपून घेतला.

चिचगडला खताच्या दुकानामागे एका खोलीत सैनिक परिवार मदत केंद्र होतं. निवृत्त हवालदार केवलराम यांनी ते सुरू केलं होतं आणि प्राची तिथे बसायची. प्राचीचा नवरा स्वतः लडाखला. फौजी घरच्यांची कार्डं, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, दवाखान्याचे फॉर्म, सगळं ती भरून द्यायची. मागच्या महिन्यात धनवंता डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आश्रिताचं कार्ड काढायला इथेच आली होती. चोरासारखी, मागच्या दाराने. प्राचीने प्रेमाने चहा पाजला, फॉर्म भरला, तिचा आणि पोराचा भरतीच्या वेळचा फोटो घेतला आणि विचारलं, पोरगा सुट्टीवर कधी येणार? सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी तिला पोराबद्दल खरं विचारत होतं. तिला बरं वाटलं. तिने तारीख सांगितली. बससुद्धा सांगितली. चूक झाली ती तिथे.

"तू कोनाले सांगणार नाही म्हनली होती वो पोरी."

"काकू, मी कुठं सांगितलं? केंद्राने यादी काढली, कोण सुट्टीवर कधी येणार तेही खाली लिहिलं. आपल्या भागातल्या सगळ्या फौजी घरांची. कोणाला मदत लागली तर लोकांना ठाऊक पाहिजे ना."

"मले इचारलं काऊन नाही?"

प्राचीने ते चुरगळलेले कागद उलगडले. एक पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा, तिसरा, चौथा.

"काकू, हा लसीकरणाचा आहे. हा तेंदूपत्त्याचा. हा नळाचा, आणि हा ग्रामसभेचा. यात आमची यादी नाही."

"नाही म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या आधीच कोणी तरी काढून नेली." मग घाईघाईने, "वाऱ्याने उडाली असेल."

त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात केवलराम आत आले. अंगाने उंच, मिशीला रोज पीळ देणारा माणूस. वाईट नव्हते. स्वतःच्या पेन्शनमधून खोलीचं भाडं भरायचे. पण त्यांचं घर बाजार चौकात, पोलीस ठाण्यासमोर होतं, आणि तिथून भीती कशी दिसते ते त्यांना कोणी दाखवलं नव्हतं.

"धनवंताबाई! उद्या साडी चांगली नेसा. फ्लेक्स आलाय, बँड सांगितलाय. बसस्टँडवरून थेट तुमच्या घरापर्यंत मिरवणूक."

धनवंताने त्यांचे पाय धरले. "नका करू हवालदारसाहेब. माह्या भाच्याले हळदीतून नेलं."

ते मागे सरकले. "उठा, उठा. अहो, तो जमाना गेला. सगळे सरेंडर झाले, नाही तर मेले. फौजी माणूस चोरासारखा डबा घेऊन घरी येते? लाज कायची? आम्ही उभे आहोत ना सोबत."

"किती दिवस?"

"म्हणजे?"

"बँड वाजवून तुमी संध्याकाळी घरी जाल. तो पंधरा दिवस राहणार हाय. मी तं नेहमीच राहणार हाय."

केवलराम यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बँडवाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

प्राचीने गुलशनला फोन लावला. तो गाडीत होता. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तीनदा लावला, चारदा लावला. फोनमधली बाई तेच सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराची बस यायच्या आधी दोन तास धनवंता चिचगडच्या स्टँडवर येऊन बसली. जुनीच साडी. फ्लेक्सवर गुलशनचा फोटो होता, भरतीच्या वेळचा, गाल बसलेले, अठरा वर्षांचं पोर. तिला त्यावरची अक्षरं कळत नव्हती, चेहरा कळत होता, म्हणून ती तिकडे पाठ करून बसली. बँडवाले लिंबाखाली पिपाण्या पुसत होते. केवलराम छातीवर पदकं लावून हार घेऊन उभे. प्राची त्यांच्या बाजूला, तोंड उतरलेलं.

आणि पानठेल्याजवळ एक लाल मोटारसायकल. तिच्यावर बसलेल्या माणसाने काळ्या गमच्याने तोंड बांधलं होतं. तो मोबाईल वर धरून फ्लेक्सचा फोटो काढत होता.

फोटो तर कोणीही काढतं. हल्ली मेलेल्या म्हशीचाही काढतात. पण त्याने फोटो काढून झाल्यावर मोबाईल खिशात ठेवला नाही. तो बसच्या वाटेकडे पाहत राहिला.

गोंदियाची बस आली. इथूनच वळून ती परत जाते. बँडने एकदम सूर काढला. लोक दाराशी गोळा झाले. एक म्हातारी उतरली, दोन बाया, कोंबड्यांची टोपली. मग जुनी पँट, कापडी थैली, डबा. भरलेले खांदे, दाढी वाढलेली. फोटोतला तो पोरगा कुठेच नव्हता. पण केस बारीक होते.

"ए प्राची," केवलराम पुढे झाले, "हाच नव्हे का?"

धनवंता मधे घुसली. हाराच्या आणि पोराच्या मधे. तिचा आवाज बँडच्या वर गेला. "नाही! हा नाही. माहा पोरगा मले वळखू येत नाही का? हा नोहे!"

गुलशनने आईकडे पाहिलं. मग फ्लेक्सकडे. मग परत आईकडे. दोन हातांच्या अंतरावर तिचा चेहरा होता, घामाने निथळलेला, आणि डोळे एकदाच पानठेल्याकडे जाऊन आले.

"मावशी," तो म्हणाला, "ही गाडी परत गोंदियाले जाते का?"

"जाते."

"मंग माहंच चुकलं. मी चुकीच्या जागी उतरलो."

"प्राची, फॉर्मवर फोटो होता ना ग?" केवलराम विचारत होते. "नीट पाहा."

प्राचीने गुलशनकडे नीट पाहिलं. त्याच्या उजव्या भुवईवरचा व्रण तिने स्वतः फॉर्मवर ओळखखूण म्हणून लिहिला होता.

"नाही काका," ती म्हणाली. "हे नाहीत. त्यांची गाडी चुकली असेल."

गुलशन बसमध्ये चढला. खिडकीशी बसला नाही, पलीकडच्या बाजूला बसला. पेढ्यांचा पुडा थैलीतून डोकावत होता. बस वळली, बँड एकेक वाद्य करत बंद पडला, आणि धनवंताने वर्षभरात पाहिलेला तिचा पोरगा एवढाच.

मोटारसायकलवाला तिच्याजवळ आला. "काय बाई, आला नाही का तुमचा पोरगा?"

"माहा पोरगा रायपूरले हाय."

"असं?" गमच्याच्या वर फक्त डोळे होते. त्यात काही नव्हतं. राग नाही, हसू नाही. त्याने गाडीला किक मारली आणि बस गेली त्याच रस्त्याने निघून गेला.

तो तालुक्याचा, देवरीचा रस्ता. बाजाराला, दवाखान्यात, तहसिलीत सगळे त्याच रस्त्याने जातात. धनवंताने हे स्वतःला सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग तिने प्राचीचा हात घट्ट धरला. "फोन लाव."

प्राचीने आधीच लावला होता. तिने धनवंताला खताच्या दुकानाच्या आडोशाला नेलं आणि फोन तिच्या कानाला धरला.

"बोल माय."

"बाबू, मांगं पाहून घे. लाल गाडी हाय. काळा गमचा."

पलीकडे बसची घरघर. मग गुलशनचा हळू आवाज, "हो. हाय." धनवंताने फोन कानाशी दाबला. "बसच्या मांगंमांगंच हाय. थांब... आता बाजूले आली." घरघर. "गेली, माय. पुढं निघून गेली. भेऊ नको."

"पुढं? पुढं म्हंजे कुठं? थांबली तं नाही ना कुठं? बाबू?"

पण चिचगड सोडलं की सालईचं जंगल लागतं, आणि तिथे रेंज जाते.