दातांमागं अडकलेला 'आ'

मी 'आ' बोलतोय. जांभई देताना तुमच्या तोंडून निघतो तो नव्हे. मी स्पॅनिश भाषेतला एका अक्षराचा शब्द. लॅटिन आजीच्या घरी होतो तेव्हा मला 'आद' म्हणायचे. लोकांच्या तोंडी झिजत झिजत एवढाच उरलो.

माझं काम साधं. आपल्या माणसाला पाहिलं, शोधलं, सांभाळलं, की त्याच्या नावाआधी मी उभं राहायचं. घर पाहिलं, चप्पल शोधली, तर माझी गरज नाही. देवाच्या नावाआधीही मला मान आहे, हे सांगताना ऊर भरून येतो.

सध्या माझा मुक्काम राहुरीत, निकिताच्या मोबाईलमध्ये. लग्नात सुटलेली नोकरी तिला घरबसल्या पुन्हा मिळणार होती, पण गुरुवारी स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास झाली तरच. आणि ती मलाच विसरायची. मी ओठांपर्यंत यायचो, वाक्य निघून जायचं, मी आतच. जीव गुदमरायचा.

एकदा सरावाच्या व्हिडिओ कॉलवर शिक्षिकेनं विचारलं, इकडंतिकडं काय बघतेस? टेम्पो लावून नवरा, अमृत, कुठं गेला ते निकिता बघत होती. घाईत मला गाळून म्हणाली, "बुस्को मारिदो." शिक्षिकेला हसू आवरेना. त्याचा अर्थ झाला, मला नवरा हवाय, स्थळ बघतेय.

सासूबाई आक्काबाई देवापुढं वाती वळत होत्या. हसायला काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. निकितानं लाजत सांगितलं.

"मग हसतीलच की. 'नवरा शोधते' म्हनल्यावर आमच्या अमृतनं कुठं जायचं? 'नवऱ्याला शोधते' म्हन."

निकितानं दोन्ही वाक्यं पुटपुटून पाहिली. मग हळूच म्हणाली, "आई, आपला 'ला' आहे ना, तसाच तो 'आ' आहे."

"मला काय ठावं बाई. तुजं तू बघ."

'ला' माझा चुलतभाऊच निघाला. तो नावामागं चालतो, मी पुढं.

गुरुवारी आक्काबाईंनी सुनेसाठी उपवास धरला. परीक्षेत विचारलं, घरी कुणाला सांभाळता? "कुइदो..." म्हणून निकिता थांबली. मी दातांमागं कोंडलेला. तिनं दाराआडून डोकावणाऱ्या सासूकडं पाहिलं.

"कुइदो आ मी सुएग्रा." माझ्या सासूला सांभाळते.

सुटलो बुवा एकदाचा.

संध्याकाळी पास झाल्याचा निरोप आला. आक्काबाई एवढंच म्हणाल्या, की सोमवारपासून सकाळचा सैपाक त्यांच्याकडं.

पण अजून कितीतरी तोंडांत मी अडकून आहे. माझी भाषा शिकत असाल, तर घाईत मला गिळू नका. माझ्यामागं कुणीतरी जिवाचं माणूस उभं असतं.