होईल, भाऊ

प्रफुल्लने पिशवी खांद्याला अडकवली आणि मोबाईल वाजला. गिऱ्हाइकाशी बोलणं संपल्यावर त्याने पिशवी पुन्हा खिळ्याला टांगली. नेरची बस आजही गेली.

बाळंतपणाला नेरला माहेरी गेलेल्या त्याच्या बायकोची, प्रियंकाची मुलगी दीड महिन्याची झाली होती. बापाने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

लोहारा गावातल्या याच खोलीत तुळसाबाईचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. तो गेल्यावर धंदा तिने हाकला, पोराने, प्रफुल्लने, त्यात कॉम्प्युटर आणला. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, ओलाव्याची कपात, चिठ्ठी, सगळं आपोआप. गिऱ्हाईक जो बदल मागेल त्याला तुळसाबाईचं एकच उत्तर, "होईल, भाऊ." तिच्या त्या शब्दापायी सरकी काढणाऱ्या नऊ जिनिंग कारखान्यांचे नऊ वेगळे प्रोग्राम होऊन बसले. कापसाचे दिवस वाईट. भाव पडला की कपातीचे नियम बदलत, आणि एकच दुरुस्ती प्रफुल्ल नऊदा करी. कुठे काय वेगळं, ते त्याच्या डोक्याशिवाय कुठेच नव्हतं.

नऊंचा पाया एक करायचा, ज्याचं त्याचं वेगळेपण वरून जोडायचं, हे त्याने आईला पुन्हा समजावलं. तोवर दोन महिने कोणालाच नवं काही द्यायचं नाही.

"ब्लाउजचा कागद एकच, कापाचं अंगापरमानं. तसंच न?"

"तसंच."

"मंग आधी काहून नाही केलं?"

"तू हो म्हनाची थांबली तं करीन न."

हे तिला लागलं. तिने मोबाईल ओढला आणि एकेकाला फोन लावत आठांना नकार दिला. एकाला तर सुनावलं, गोदामाचं छप्पर तीन वर्षं गळतंय ते चालतं, अन् चिठ्ठीले दोन महिने थांबवत नाही?

नववा ढाणकीचा अब्दुल गनी. नवरा गेल्यावर पहिलं काम त्यानेच दिलं होतं. तुळसाबाईचा आवाज उतरला.

"गनीभाई, आठांले नाही म्हटलं. तुमच्यापुरतं करून देतो."

प्रफुल्लने मान वळवून आईकडे पाहिलं.

गनीभाईने हा मान बाजारात कौतुकाने सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठही जणांचे फोन येऊन गेले. त्याला देता, तर आम्ही काय केलं?

तुळसाबाईने स्वतः पिशवी खिळ्यावरून काढली.

"जाय. पोरीले पाहून ये."

"अन् हे?"

"मी आहो न."

तिने मोबाईल त्याच्या हातातून घेतला, पाठीला हात लावून त्याला बाहेर काढलं आणि दार लोटलं.

आत मोबाईल वाजू लागला. बसला सात मिनिटं होती. प्रफुल्ल फाटकाशी थांबला, आईचे ते दोन शब्द ऐकू येण्याची वाट पाहत.