फोनने सासूबाईंना विचारलं

लीव्हन आणि मी, आम्ही नवरा-बायको मिळून बेल्जियममधल्या गेंटमध्ये एक ब्राउझर बनवतो. नाव कीवित, म्हणजे टिटवी. पानं झटकन उघडतात, जाहिरातवाले मागे लागत नाहीत. वापरणारे खूश होते. अडचण एवढीच, की वापरणारे फारच थोडे होते. नवा फोन खोक्यातून निघायचा तोच मोठ्या कंपनीचा ब्राउझर पोटात घेऊन. मग दुसरा शोधायला जातंय कोण?

अँटवर्पला योस्ट नावाचा एक माणूस छोट्या प्रमाणावर फोन बनवायचा. त्याला कीवित फार आवडला. "मी तो फोनमध्ये आधीपासूनच घालून देतो," म्हणाला. त्या दिवशी आम्ही बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्यांचा मोठा पुडा आणून मेजवानी केली. पण थोड्याच दिवसांत योस्टचा पडेल आवाजात फोन आला.

"ग्रीत, जमणार नाही गं. अ‍ॅपचं दुकानही त्या मोठ्या कंपनीचंच ना! करारात म्हटलंय, दुकान हवं तर ब्राउझरही आमचाच, तोही पहिल्या पडद्यावर. दुसऱ्या कुणाचा घातला तर दुकान बंद. आणि दुकानाशिवाय माझा फोन कुत्रंही विकत घेणार नाही."

"म्हणजे बायको हवी तर मेहुणाही घरात घ्या," लीव्हन चिडून म्हणाला, "आणि त्याला दिवाणखान्यात बसवा!"

मी ब्रसेल्सला युरोपच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. लीव्हनने डोक्याला हात लावला. "अगं, त्यांच्याकडे वकिलांची पलटण आहे!"

"प्रसंगी टिटवीही समुद्र आटवते."

"नाव ठेवताना माझ्या डोक्यात एवढं काही नव्हतं," तो म्हणाला.

तारखा पडत गेल्या. आमच्यासारखे आणखी काही छोटे ब्राउझरवाले तक्रारीत सामील झाले आणि अखेर सुनावणी लागली. मोठ्या कंपनीचे वकील, श्रीयुत डेलव्हो, उंच, रुबाबदार आणि बोलायला लोण्यासारखे. "आम्ही कुणाचे हात बांधलेत?" ते म्हणाले. "नको असेल त्याने बदलावा. पोरखेळ आहे."

सुनावणी घेणाऱ्या बाई डॅनिश होत्या. त्यांनी पुराव्यासाठी आणलेला एक कोरा फोन पुढे सरकवला. "मग दाखवाच करून. कीवित घाला आणि तुमचा काढून टाका."

डेलव्होंनी हसत फोन घेतला. कीवित उतरवून घेतला. मग एक दुवा दाबला, तर जुनाच ब्राउझर उघडला. ते सेटिंगमध्ये शिरले, तिथून आणखी आत. फोनने विचारलं, "नक्की ना?" त्यांनी हो म्हटलं. "पुन्हा एकदा विचार करा," फोन म्हणाला. शोधाच्या पट्टीत काही लिहिलं की पुन्हा जुनाच हजर. काढून टाकायचं बटण तर कुठे सापडेचना. त्यांचा सहायक कानात कुजबुजायला लागला, तशी बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाबरोबर वकील नसतो हो."

सगळे हसले. डेलव्होंनी चष्मा काढून पुसला आणि तेही हसत सुटले. "खरं सांगू? हा माझा फोन असता तर एव्हाना मी नाद सोडला असता." त्यांच्या कंपनीची माणसं तेवढी हसली नाहीत.

निकाल यायला पुष्कळ वेळ लागला, पण तो आमच्या बाजूने लागला. करारातली अट गेली. शिवाय नवा फोन सुरू होताना मालकाला विचारायचं: या ब्राउझरांपैकी कुठला हवा? आणि यादी दर वेळी उलटसुलट लावायची, म्हणजे कुणी कायमचा वर बसायला नको.

नियम लागू झाल्यावर आम्ही लीव्हनच्या आईसाठी, पॉलासाठी, नवा फोन घेऊन गेलो. केक मांडला होता, कॉफी झाली होती. पडद्यावर यादी उमटली, प्रत्येक नावाशेजारी त्याचं चित्र, आणि कीवित चक्क सगळ्यात वर! लीव्हन उड्या मारायचाच काय तो बाकी होता.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि यादी खालपर्यंत वाचत गेल्या.

"आई, वरचाच दाब ना!"

"तू गप्प बस. विचारलंय मला." मग त्यांनी एका पोर्तुगीज ब्राउझरवर बोट ठेवलं. "हा सार्डिनवाला. बघ, मासा कसा गोड आहे."

"आई! तुझ्या पोटच्या पोराचा ब्राउझर आहे वर!"

"पोराचा पक्षी मरतुकडा दिसतो रे. त्याला जरा चांगलं चित्र काढून दे, मग बघू."

मला हसू आवरेना. लीव्हन फुरंगटला, पण फोन लावून द्यायला तोच बसला. आधी नाक मुरडत, मग भुवया उंचावत. "पानं चांगली उघडतात की," तो पुटपुटला. घरी येऊन त्याने सार्डिनवाल्यांना मनापासून अभिनंदनाची मेल लिहिली, आईचा किस्साही कळवला.

दुसऱ्याच दिवशी पोर्तोहून उत्तर आलं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव ग्रासिंदा. "आमच्याकडेही तीच तऱ्हा," त्यांनी लिहिलं होतं. "माझ्या सासऱ्यांनी तुमची टिटवी निवडली. म्हणतात, माशाचा वास येतो."

मी ती मेल मोठ्याने वाचून दाखवली. योस्टने आमच्या ब्राउझरसकट पाठवलेले नवे फोन टेबलावर पडले होते. ते बाजूला सारून लीव्हन मात्र पक्ष्याचं नवं चित्र काढत बसला होता.