हौसेचा तिसरा हिस्सा

“तुमच्या पत्नी काय काम करायच्या?” राजनंदिनी वकिलांनी विचारलं.

“काय न्हाई,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या गहिनीनाथनं छाती काढून सांगितलं. “आमच्या घरातल्या बाया रोजानं जात न्हाईत.”

राजनंदिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. सकाळभर कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसवून त्यांनी या माणसाकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. स्वयंपाक, धुणीभांडी, म्हशीचं शेणघाण नि धारा, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं. शाळकरी पोरासारखं त्यानं ते घडाघडा म्हणूनही दाखवलं होतं. पण चारचौघांत बायकोचा विषय निघाला की कर्जत तालुक्यातल्या या बागाईतदाराच्या तोंडून लग्न झाल्यापासून हे एकच वाक्य निघत आलेलं. ते सवयीनं पुढं धावलं आणि पाठांतर लिंबाखालीच राहिलं.

मालनबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. शेतावर भाकरी घेऊन निघाली होती, फाट्यावर कांद्याच्या टेम्पोनं उडवली. टेम्पोचा विमा उतरवलेला होता, मालनबाईचा नव्हता. आता भरपाई ठरवायची तर तिची कमाई ठरवायला हवी, आणि कमाई तर कधी नव्हतीच. अशा बाईसाठी कायद्यात एक मानीव पगार धरतात. जिवंतपणी जो कुणी दिला नाही तो मेल्यावर धरायचा, एवढीच काय ती अडचण.

विमा कंपनीचे वकील खुशीत उठले.

“म्हणजे मयत काहीच काम करत नव्हत्या. त्या गेल्यानं तुमच्या घरातलं काही अडलं का?”

“छ्या! आमच्यात कुनाचं अडत न्हाई. सून मेडिकलच्या दुकानात कामाला जायची, ती आता घरीच ऱ्हाती. म्हैस इकली. म्हातारीला भनीकडं पोचवलं.”

“म्हणजे अडलं नाही.”

“अडलं न्हाई.”

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि टायपिस्टला म्हणाले, “म्हैस विकली, तेही घ्या.”

“बरं,” वकील म्हणाले, “बाई स्वतःवर काही खर्च करत असतीलच की. खाणंपिणं, कपडे, हौसमौज?”

आता मात्र गहिनीनाथ पेटला. “साहेब, तेवढं बोलू नका. वर्साला दोन लुगडी, ती बी मी आनायचो. तिनं सोतापायी रुपाया मोडला न्हाई. तिला हौसच नव्हती. शपथेवर सांगतो!”

शपथ आधीच झालेली होती, पण हे त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं. एवढं एक तरी मालनबाईच्या बाजूनं ठणकावून बोलल्याचं समाधान घेऊन तो खाली उतरला.

व्हरांड्यात राजनंदिनीबाई म्हणाल्या, “काका, तरीही तिसरा हिस्सा कापतील.”

“कशापायी?”

“त्या जगल्या असत्या तर पगारातला तेवढा स्वतःवर खर्च केला असता, असं धरतात.”

“पर केला नसता.”

“नियम आहे, काका.”

कर्जतच्या एसटीत गहिनीनाथला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. पैसे कमी मिळणार याचं त्याला फारसं वाटत नव्हतं. जिला हौस ठाऊक नव्हती तिच्या नावावर कोर्टानं हौस लिहावी, हे त्याला तिच्यावर आळ घेतल्यासारखं वाटत होतं.

घरी गेल्या गेल्या त्यानं मुलगा सुनील आणि सून स्नेहल यांना सगळं ऐकवलं. “म्या बी सोडलं न्हाई. तिला हौस नव्हती म्हनून भर कोर्टात सांगितलं.”

स्नेहलचा पिठातला हात थांबला. “मामा, आत्या भेळ खायच्या.”

“कवा?”

“बाजारच्या दिवशी. भाजीचे पैसे उरले की. मलाबी न्यायच्या. तुमाला सांगू नको म्हनल्या हुत्या.”

“का म्हनून?”

“आपल्या घरातल्या बाया बाजारात तोंड हलवत न्हाईत, असं तुमीच म्हनता न्हवं?”

गहिनीनाथनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, “गोड का तिखट?”

“तिखट. डोळ्यांतनं पानी येईस्तोवर. घरात तुमाला पित्ताचा त्रास, म्हनून सगळ्यांचंच बिनतिखटाचं करायच्या.”

“दादा,” सुनील म्हणाला, “हे वकिलीनबाईंच्या कानावर घालू नका. अर्धा हिस्सा कापतील.”

कुणी हसलं नाही. सुनीलही नाही.

“बसायच्या कुठं तुमी?”

“गाड्याच्या मागं,” स्नेहल म्हणाली आणि पुन्हा पीठ मळू लागली.

पुढच्या बाजारी गहिनीनाथ भेळेच्या गाड्यापुढं जाऊन उभा राहिला. “तिखट दे,” म्हणाला, आणि कागद हातात घेऊन मागं निघाला.

“बाबा, पुढं खुर्ची हाय की,” भेळवाला म्हणाला. “मागं बाया बसत्यात.”

“व्हय, ठावं हाय.”

मागं रिकाम्या पोत्यांवर दोन बाया बसल्या होत्या. टोपीवाला म्हातारा येताना बघून दोघींनी पदर पुढं ओढले. तो जरा अंतर राखून एका दगडावर टेकला. पहिल्या घासाला त्याला ठसका लागला. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. भेळ तिखट होती, हे खरं.

उपरण्यानं डोळे पुसून त्यानं मान वर केली. गाड्याच्या चाकांमधून समोरची चहाची टपरी दिसत होती आणि टपरीपुढचं बाकडं. मालनबाई बाजार करून येईपर्यंत तो त्याच बाकड्यावर बसायचा, आणि तिला उशीर झाला की तिथूनच तोंड सोडायचा. या दगडावरून त्या बाकड्यावरचा माणूस वहाणांपासून टोपीपर्यंत दिसत होता.

आज तिथं दुसराच कुणी बसला होता. पोत्यावरल्या एका बाईची नजर बाकड्यावरल्या त्या माणसावर खिळलेली होती, आणि ती घास न चावताच गिळत होती.

“सावकाश खा, बाई,” गहिनीनाथ म्हणाला. “त्यो अजून चहाच पितोय.”