चार ज्योती आणि एक भोक

लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. चपला जिन्यावरून पार रस्त्यापर्यंत आल्या होत्या. खिडक्यांना काळे पडदे, समोर एक मेणबत्ती, मेणबत्तीमागे बैठक घेणारी माई. पांढरे कपडे, लोण्यासारखा आवाज.

"किती ज्योती दिसतात, पोरी?"

"चार," माझी ताई म्हणाली. "एक ठळक. तीन फिकट, तिच्या वर."

हॉलने श्वास रोखला. बाकी सगळ्यांना एकच दिसत होती. म्हणून तर ताई थोर!

"ठळक ती या जगातली. वरच्या, गेलेल्या माणसांच्या. आई कधी गेली तुझी?"

"वर्ष झालं."

"गेली कसली? उभी आहे बघ!" माईने पितळी तबकडी पुढे केली. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक. "लाव डोळ्याला. आता?"

"एकच!" ताई किंचाळली.

"तबकडी दिसली की गेलेले अदबीने बाजूला होतात," माई म्हणाली. "पण जिची तिनेच लावायची. दुसऱ्याने लावली, की डोळा गेलाच म्हणून समजा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण घरी ताई माझ्याशी बोलताना माझ्या डोक्याच्या वर बघायची. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची, "आई तुझ्या मागेच आहे." मी कशालाही न मानणारा माणूस, तरी मागे वळून बघायचो. रोज. ही लाज इथे लिहून ठेवतो.

माईचा दुसरा हुकूम तर जीवघेणा होता. सकाळ-संध्याकाळ मुठींनी डोळे चोळायचे, तारे दिसेपर्यंत. तारे म्हणे आईचा निरोप. चार महिन्यांत चाराच्या सहा ज्योती झाल्या. ताई शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करायची. सुई बोटात घुसू लागली. मुकादम म्हणाला, "आठवडाभर बघतो. मग दुसरी बघतो."

तेव्हा मी तिला अक्षरशः ओढत डोळ्यांना लेन्स बसवणाऱ्या बाईंकडे नेलं. माझ्याकडून सगळं ऐकून बाईंनी समोर बारीक दिवा लावला.

"आई कुठे आहे?"

"दिव्याच्या वर."

"डोकं खांद्याकडे कलवा. आता?"

ताईने मान कलवली. हळूच म्हणाली, "तीपण कलली. आता बाजूला आहे."

"आई खोलीत असती, तर तुमच्या मानेबरोबर कशाला हलली असती?"

बाईंनी यंत्रातलं चित्र दाखवलं. बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे आली होती. वाकडी काच, म्हणून एका ज्योतीचा उजेड आत पसरून चार ठिकाणी पडतो. भोक बाजूचा उजेड अडवतं, मधला तेवढा आत सोडतं. झाली एक ज्योत. "आणि डोळा दाबला की तारे कुणालाही दिसतात, त्याला मेलेलं माणूस लागत नाही. चोळण्याने शंकू वाढतोय. काचेवर डाग पडला, तर माझी लेन्सही कामाची नाही."

चष्मा पुरत नव्हता. पहिली कडक लेन्स नखाहून लहान, शंकूच्या टोकावरच टेकणारी. सुई एक दिसली, पण डोळ्यात खडा गेल्यासारखं झालं. पापणी मिटली, लेन्स उडाली, आणि आम्ही तिघं फरशीवर रांगू लागलो. दुसरी मध्ये कडक, कडेला मऊ. घालायला सुखाची, पण दोन तासांत डोळ्याला चिकटून बसली, डोळा लालभडक. तिसरी मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी. शंकूला शिवतच नाही, मध्ये निर्जंतुक सलाईन भरलेलं. बसवायला अर्धा तास गेला. तेवढ्यात ताईने मला दोन शिव्या हासडल्या.

"हीच सगळ्यात चांगली का?" मी विचारलं.

"यांच्या डोळ्याला. दुसऱ्या कुणाला पहिलीच मानवते. आणि लेन्सने दिसेल, रोग जाणार नाही. शंकूची वाढ थांबवायचा इलाज डॉक्टर करतील, तिकडे जायचंच. चोळणं आजपासून बंद."

ताईने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, वर नाही.

"तू एकटाच आहेस रे. आई गेली."

"वर्ष कधीच उलटलं, ताई."

पुढच्या बैठकीत ती माईच्या हॉलमध्ये गेली आणि काळा पडदा सर्रकन ओढला. खालचे लॉन्ड्रीवाले काका पहिल्याच रांगेत होते. तिने पितळी तबकडी त्यांच्यापुढे धरली. "काका, चष्मा काढा. यातून तुमची पावती वाचा."

"डोळा जाईल ना गं!"

"माझा जात होता. तुमचा नाही जायचा."

काकांनी भीतभीत तबकडी लावली. "दोन शर्ट... एक चादर... अरे! चष्म्याविना!"

"आई शाप देईल तुला!" माई ओरडली.

"माझी आई मला डोळे चोळायला लावत नव्हती," ताई म्हणाली. "धुवायला लावायची." आणि तिने पुठ्ठ्याचे तुकडे वाटले. प्रत्येकाला टाचणीचं एक भोक. तबकडी पितळेची नसली तरी चालते, हे हॉलभर कळलं.

आता ताईला सुई एक दिसते. पण सकाळी लेन्स घालण्याआधी ती मिनिटभर तशीच बसते, माझ्या डोक्याच्या वर बघत. मी घाई करत नाही. मीही कधीकधी वळून बघतो. मागे भिंत असते.

तुमच्या घरात कुणाला एकाच्या चार ज्योती दिसत असतील, तर मान कलवायला सांगा. भूत मानेबरोबर हललं, तर ते डोळ्यातलं, डॉक्टरकडे न्या. नाही हललं, तरी डॉक्टरकडेच न्या.