दोन चिठ्ठ्या, दोन पेट्या

"दोन चिठ्ठ्या, दोन पेट्या, ध्यानात ठेवजो बाई,
एकीत एक, दुसरीत एक, चिठ्ठी जाळायची नाही!"

हा आवाज कुसुमबाईच्या कानात सत्तर वर्षांपासून राहायला आहे. आवाज तिच्या नवऱ्याचा. दंडारीच्या खेळात गाणारा गळा होता तो. धानाच्या बांधीच्या या धुऱ्यावरून हाक मारली की त्या धुऱ्यावरची बगळ्यांची रांग उठायची. चोपन्न सालच्या वैशाखात, तेंदूची पानं तोडायच्या दिवसांत, देवीदास शहारे हातात डफडं घेऊन सौंदडहून निघाला आणि गावोगाव हेच गात फिरला. भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. बाबासाहेब उभे होते.

त्या काळी या मतदारसंघातून एकाच वेळी दोन खासदार निवडून जात, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. म्हणून माणशी दोन मतं, दोन चिठ्ठ्या. चिठ्ठीवर शिक्का नाही, खूण नाही. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली, पेटीवर त्याचं चिन्ह. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी सोडायची. एक बाबासाहेबांच्या पेटीत, दुसरी सोबतच्या पक्षाच्या उमेदवाराच्या पेटीत, एकही जाळायची म्हणजे वाया घालवायची नाही, असं सांगत देवीदास फिरत होता. घरी आला की चुलीपुढे बसलेल्या बायकोलाही तेच गाऊन दाखवायचा.

"ऐकून राहिली न वो?"

"ऐकून राहिली नं बाप्पा. भाकर जळून राहिली तुमच्या गाण्यापायी."

"भाकर जळू दे. चिठ्ठी नको जाळू."

यादीत तिचं नाव त्यानंच चढवलं होतं. नाव विचारायला आलेल्या माणसानं 'देवीदासची बायको' एवढंच लिहिलं, तर देवीदास त्याच्या मागे पांदणीपर्यंत गेला. "बायको काय नाव होय का? कुसुम लिहा. कु-सु-म." तोवर तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. कागदावर आपण कशा दिसतो हे तिला वाचता आलं नाही, पण त्या दिवशी पाणी भरताना तिनं विहिरीत डोकावून स्वतःकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मतदानाच्या दिवशी शाळेत टेबल होतं. टेबलामागे मास्तर. त्यानं विचारलं, "नाव?"

"कुसुम."

"नवऱ्याचं नाव?"

आता आली पंचाईत. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यावं? मागे बायांची रांग. कोणीतरी हसून म्हणालं, "घे वो उखाणा, सरकारनं विचारलं तं!" मास्तर घाम पुसत थांबलेला. शेवटी कुसुमनं पदर दातात धरला आणि म्हणाली,

"मातामायच्या पारावर दिवा लावतो खास,
आधी म्हणा देवी, मंग म्हणा दास."

सगळी शाळा हसली. मास्तर हसला, पोलीस हसला, रांगेतल्या बाया एकमेकींवर कलल्या. त्या हसण्यातच कोणीतरी तिच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या आणि कुसुम लाजेनं लाल होऊन पडद्यामागे गेली. कान गरम झालेले. समोर पेट्यांची रांग. बाबासाहेबांच्या पेटीवरचं चिन्ह तिला तेवढं दिसलं, बाकी काहीच दिसलं नाही. मुठीत चिठ्ठ्या होत्या, मूठ पेटीपाशी गेली आणि उघडली.

दोन्ही एकाच पेटीत.

गाणं तिला आठवलं ते उन्हात बाहेर आल्यावर. तोवर पेटी आतच राहिली होती.

बाबासाहेब हरले. सोबतचा उमेदवार दुसऱ्या जागेवर निवडून आला. देवीदासनं डफडं खुंटीला टांगलं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "आपल्यातल्याच काही लोकांनी दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या म्हणतात. दोन्ही बाद. गाऊन गाऊन गळा बसला माझा, पण ऐकते कोण?"

कुसुमनं त्याच्या ताटात भात वाढला. जरा जास्तच पडला. तेवढंच.

पुढे छप्पन साली दोघं गाडीनं नागपूरला गेली आणि धम्म घेऊन आली. मातामायचा दिवा सुटला, त्याबरोबर तो उखाणाही सुटला. "नाव मात्र देवीचंच राहिलं माझ्यापाशी," देवीदास हसायचा. कुसुमबाईनं ते नाव तरीही कधी उच्चारलं नाही. मुलाच्या नावानं 'अतुलचे बाबा' म्हणता म्हणता जन्म गेला. ते गेले त्याला आता एकवीस वर्षं झाली. त्यांच्यासोबत दुसरं खूप बोलून झालं होतं; तेवढी एक गोष्ट राहिली.

गाव तिथंच राहिलं. राज्य बदललं, मग आणखी बदललं. जिल्हा भंडारा होता, गोंदिया झाला. मतदारसंघाच्या नावाला गोंदिया जोडलं गेलं. पेट्या गेल्या, शिक्का आला. शिक्का गेला, बटण आलं. कुसुमबाईनं एकही निवडणूक चुकवली नाही. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते तेव्हा गेली, पाय मोडला होता तेव्हा अतुलच्या सायकलवर बसून गेली. गावात लोक म्हणत, काय हौस आहे म्हातारीला! दर चौदा एप्रिलला तिला शाल देत आणि माईकवर सांगत, "बाबासाहेबांना मत दिलेली आपल्या गावातली ही एकच माय आता उरली." ती शाल घ्यायची आणि खाली पाहायची. लोकांना तो विनय वाटायचा.

आणि आता नात रचना वही घेऊन बसली होती.

रचना गोंदियाला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. या मतदारसंघातल्या सगळ्या निवडणुकांचा इतिहास लिहायला घेतला होता तिनं. कोण उभं होतं, कोण निवडून आलं, सीमा कुठे सरकल्या, सगळं आकड्यांसकट. पुढची प्रकरणं लिहून झाली होती. पहिलंच कोरं होतं.

"आकडे मिळतात आजी, पण पडद्यामागे बाई कशी गेली हे कोणत्या कागदात नाही. ते तूच सांगू शकते."

"पडद्यामागचं गुप्त असते. कायदाच हाय तसा."

"कोणाला दिलं ते अख्ख्या गावाला माहीत आहे!"

"मंग लिही नं गावाले विचारून."

सून अलका अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "राहू दे रचू. त्या दिवसाचं विचारलं का या मुक्या होतात. मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राहिली."

रचना रुसून वही मिटायला लागली. कुसुमबाईनं फुलांकडे पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं,

"का वो, समजा एखाद्या बाईनं दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या असतीन, तं?"

"कोणत्या बाईनं?"

"असंल कोणी. दुसऱ्या गावची."

"दोन्ही बाद झाल्या असतील बहुतेक. पाहून सांगते."

बहुतेक. कुसुमबाईनं मान डोलावली. त्या दिवशी तिनं चहा अर्धाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रचना गोंदियाहून आली ती चपला काढता काढताच बोलत होती. "आजी, तुझ्या त्या दुसऱ्या गावच्या बाईचं सापडलं! ऐक. एकाच उमेदवाराला एकाहून जास्त मतं दिली, तर मोजणीत त्यातलं एक मत धरायचं आणि बाकीचं बाद करायचं. एक्कावन्न सालचा कायदा आहे."

"पुन्हा वाच."

रचनानं पुन्हा वाचलं.

"एक धरायचं?"

"एक धरायचं."

"म्हणजे तिची एक चिठ्ठी बाबासाहेबाले लागली?"

"लागलीच. दुसरी तेवढी बाद झाली. आणि ती ज्याला मिळायची होती तो तर तसाही निवडून आला. तिच्या हातून काहीच बिघडलं नाही." रचना हसली. "अजून एक सांगू? हा कायदा संसदेत आला तेव्हा कायदामंत्री कोण होते?"

कुसुमबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. बाबासाहेबच, एवढं तिला पाठ होतं.

ती उठून मागच्या परसात गेली. लिंबाच्या झाडाला हात टेकून उभी राहिली. म्हणजे तीन वर्षं आधीच त्या माणसाला ठाऊक होतं, की एक बाई येईल. वाचता न येणारी. लोक हसतील म्हणून घाबरलेली. तिची मूठ एकाच पेटीवर उघडेल. आणि तिची एक तरी चिठ्ठी वाचली पाहिजे, अशी ओळ त्याच्या कायद्यात आधीच लिहून ठेवलेली होती. आपण त्याला मत द्यायला गेलो आणि त्यानंच आपलं मत झेललं. तिला रडू आलं, पण ते तिला ओळखीचं नव्हतं. आतून धान भरल्यासारखं जड आणि गार. झाडाला, विहिरीला, त्या घाम पुसणाऱ्या मास्तरालासुद्धा तिनं मनातल्या मनात हात जोडले.

"काऊन उभ्या आहात उन्हात?" अलकानं हाक मारली.

"आली वो माय. आली."

आठवड्यानं मतदान घरी आलं. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांचं मत घरी येऊन घेतात, तसा अर्ज अतुलनं भरून ठेवला होता. निवडणुकीच्या कामावर नेमलेले कामठ्याचे भैय्यालाल गुरुजी दोन माणसं, एक पोलीस आणि कॅमेरा घेऊन अंगणात शिरले. खाटेजवळच्या टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला.

"अरे वा, पडदाही आणला का?" कुसुमबाई म्हणाली.

"नियम आहे आजी. तुमचं मत मलासुद्धा दिसायला नको." गुरुजींनी यादी काढली. "ओळख पटवायची आहे. नाव सांगा."

"कुसुम."

"पतीचं नाव?"

कुसुमबाईनं पदर सावरला. ओठ हलले आणि थांबले. अलका सवयीनं पुढे झाली, "देवीदास. देवीदास शहारे. त्या घेत नाहीत, गुरुजी."

"आमची आईही नाही घेत," गुरुजी हसले आणि मग समजावायला लागले. "हे पहा आजी, कागद एकच आहे. लिफाफे मात्र दोन. कागदावर खूण करून तो लहान लिफाफ्यात घाला, लहान लिफाफा मोठ्यात घाला. दोन्ही जातील या पेटीत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"एकाच पेटीत?"

"एकच तर पेटी आहे, आजी!"

कुसुमबाई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला आला. अलका पाणी घेऊन धावली. गुरुजी घाबरले. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"तुमचं कायले चुकते, बाप्पा! तुम्ही लय चांगलं काम करून राहिले. सत्तर वर्षं लागली पण नियम माझ्यासारखा झाला."

कोणाला काही कळलं नाही. ती आडोशामागे वाकली. यावेळी कान गरम झाले नाहीत. नावांपुढचे फोटो एकेक करून पाहिले, खूण केली, कागदाची घडी केली. लहान मोठ्यात घातला, चिकटवला आणि लिफाफा स्वतःच्या हातानं पेटीत सोडला. आत पडल्याचा आवाज ऐकून मगच हात मागे घेतला.

गुरुजी चहा पिऊन गेले. अंगणात कुत्रं त्यांच्या गाडीमागे थोडं भुंकून परत आलं. मोहफुलांचा वास उन्हात दाटला होता. रचना आडोसा होता त्या रिकाम्या टेबलावर वही ठेवून नंतरच्या निवडणुकीचे आकडे तपासत होती.

"ते नंतर," कुसुमबाई म्हणाली. "पहिलं पान काढ."

रचनानं हळूच पान उलटलं. कोरं पान.

"लिही. चोपन्न साल. सौंदडचा देवीदास..."

रचनाची लेखणी थांबली. अलकाच्या हातातलं सूप थांबलं. त्या घरात ते नाव त्या आवाजात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"देवीदास," कुसुमबाई पुन्हा म्हणाली, चव घेतल्यासारखं. "देवीदासनं माझं नाव कागदावर चढवलं. गावोगाव गाऊन सांगे का एका पेटीत एकच चिठ्ठी टाका. अन् ते दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकणारी बाई..."

"दुसऱ्या गावची?" रचनानं विचारलं. तिचे डोळे आधीच भरले होते.

"नाही वो बाई. याच घरची. मीच ते."