लपवलेला बत्ता

टण्.

तीनला पाच कमी होते. घर इतकं गप्प होतं की बाळाचा श्वास मोजता आला असता. स्वयंपाकघरातून पितळेच्या खलात बत्त्याचा तो पहिला ठोका पडला आणि मी प्रुफाच्या कागदावर पेन्सिल तशीच धरून थांबले. दुसऱ्या ठोक्याला बाळानं डोळे उघडले, तिसऱ्याला तोंड.

सासूबाईंचा चहा तीनचा. ओट्यामागे जी भिंत आहे तिला पलीकडून लागूनच बाळाचा पाळणा. दुसरीकडे तो मावत नाही, आम्ही सगळीकडे लावून पाहिला. आणि सासूबाईंना मसाला रोजच्या रोज, ताजाच कुटायचा असतो. मिक्सरमध्ये तो तापतो, वास उडून जातो, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा दुकानातून तयार पुडी आणली होती. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "हा चहा नव्हे गं, चहाचं ओळखपत्र आहे." आम्ही दोघी खूप हसलो होतो. पुडी अजून डब्यात आहे.

मी सांगून पाहिलं नाही असं नाही. त्या बिचाऱ्या लगेच ओशाळल्या. खलाखाली दुपटं घातलं, मग दोन दुपटी घातली, मग खल मांडीवर घेऊन कुटू लागल्या. पण पितळ ते पितळच. मला घरी बसून शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम मिळालं होतं, आणि दिवसभरात माझा म्हणावा असा तोच एक तास होता, दोन ते तीन. तो साडेतीनपर्यंत ताणला गेला असता तर, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंघोळीला गेल्यावर मी बत्ता उचलला आणि बाळाला लहान झालेल्या कपड्यांच्या पिशवीत, अगदी तळाशी खुपसला. पिशवी कपाटावर टाकली. दोन-चार दिवस, मनात म्हटलं. हे काम हातावेगळं झालं की परत ठेवू.

दुपारी त्या माझ्याकडे आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, बत्ता दिसत नाही, तू घासायला घेतलास का?

मी कागदावरून मान वर न करता म्हटलं, "तुम्हीच कुठेतरी ठेवला असेल, आई."

बस, एवढंच बोलले. त्यात एक शिवी नाही, वर चढवलेला आवाज नाही.

त्या दिवशी त्यांनी लाटण्याच्या टोकानं वेलची ठेचली. आवाज झाला नाही. बाळ चार वाजेपर्यंत झोपलं आणि माझी बावीस पानं झाली. मी खूश होते, हे लिहायला हवं.

सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. शहरातले चारशे-पाचशे नंबर त्यांना तोंडपाठ असायचे. अजूनही कुणी जुना ओळखीचा भेटला की त्याच्या तोंडावर त्याचा तेव्हाचा नंबर म्हणून दाखवतात. अशा बाईनं चार दिवस सगळं घर पालथं घातलं. पिठाच्या डब्यात हात घालून पाहिलं. गादी उचलून पाहिली. फ्रीजमध्येसुद्धा. नवरा जेवताना म्हणाला, आई, आता तुझ्या गळ्यात आपला पत्ता लिहून पाटी अडकवायला हवी. तो नेहमीच असं बोलतो. एरवी त्यांनी त्याला सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसती आमटी वाढली.

मग मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. त्यांची थोरली बहीण शेवटी सगळं विसरली होती. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग पोटची मुलं. सासूबाईंनीच तिचं शेवटपर्यंत केलं.

आता त्या गॅस बंद केला की नाही ते तीन-तीनदा जाऊन बघू लागल्या. उशीखाली चिठ्ठ्या दिसू लागल्या: दूधवाला, दातांचा डॉक्टर, नातीची शाळा साडेबारा. आणि इतकं जपून वागणारं माणूस जसं चुकतं तशा त्या चुकू लागल्या. एकदा चहात साखर दोनदा पडली. एकदा दूध उतू गेलं, त्या समोर उभ्या असताना. "बघितलंस?" एवढंच म्हणाल्या.

परत ठेवायला काय झालं होतं मला? रोज ठरवायचे. पण कुठे ठेवायचा? ओट्यावर अचानक दिसला तर विचारणारच, कुणाला सापडला. एका खोट्याला दुसरं खोटं लागलं असतं, म्हणून मी काहीच केलं नाही. काम संपलं, दुसरं आलं. बत्ता कपाटावरच.

काल दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. माझी वही स्वतःच ओढून घेतली, कोरं पान काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"लिहून घे. आता आठवतंय तोवर."

मी लिहून घेत गेले. सुंठ बोटाच्या पेराएवढी. मिरे चार, लवंगा दोन, दालचिनी करंगळीच्या नखाएवढी, जास्त नको, तोंड तुरट होतं. वेलची सालासकट. आधी नुसतं पाणी ठेवायचं, मसाला त्यात उकळू द्यायचा, पाण्याला रंग आला की मगच पत्ती. पत्तीला फार शिजवायचं नाही. दूध शेवटी, आणि उकळी आली की गॅस बारीक करून दोनदा वर येऊ द्यायचं. माझी मोठी मुलगी तिथेच चित्रं रंगवत बसली होती.

"वेलच्या किती?" मी विचारलं.

त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "सहा," म्हणाल्या. मग, "नाही. आठ होत्या का गं?" डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

मी उठले. स्टुलावर चढले, पिशवी खाली ओढली, झबली-टोपडी सगळी जमिनीवर पडली. बत्ता त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आई, हा मी लपवला होता. बाळ उठतं म्हणून. तुम्ही काही विसरला नाहीत. मी खोटं बोलले तुमच्याशी."

वाटलं, आता चिडतील. मला तेच हवं होतं. एक सणसणीत चपराक दिली असती तरी मी ती घेतली असती.

त्यांनी बत्ता उलटसुलट करून पाहिला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी हलका, जसा त्या तापातल्या नातीच्या डोक्यावरून फिरवतात.

"गुणाची आहेस," त्या म्हणाल्या. "मीही ताईला असंच सांगायचे. अगं, तू नाही हरवलीस किल्ली, मीच उचलून ठेवली होती. तिला तेवढंच बरं वाटायचं."

"आई, हे तसं नाही. मी खरंच—"

"असू दे. मीच कोंबला असेन त्या पिशवीत. घड्या घालायला मीच तर घेतली होती ती."

आणि घेतली होतीही. महिन्यापूर्वी, माझ्याच सांगण्यावरून. मी पुन्हा सांगितलं, तारखेसकट सांगितलं, पुस्तकाचं कितवं प्रकरण हातात होतं तेही सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितका त्यांचा चेहरा जास्त मऊ होत गेला. शेवटी त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, आजपासून चहा तू करत जा, मी शेजारी बसून बघेन. मग आत जाऊन आडव्या झाल्या. तीन वाजता त्या आडव्या झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

जमिनीवरची झबली मी एकेक करून उचलू लागले. मोठीनं खडू खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सगळं ऐकलं होतं. एक टोपडं तिनं गुडघ्यावर नीट पसरलं, सुरकुत्या काढल्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "आजीला काहीच झालेलं नाहीये ना? मग ती आता बरी कशी होणार?"